‘पंचाहत्तर टक्के’ या संज्ञेचा अर्थसंकोच : प्रवास-एजंटांच्या सवलतींसंबंधी एक विचार

कोणत्याही व्यवसायाचा इतिहास त्याच्या हिशेबवह्यांत जसा सापडतो, तसाच तो त्याच्या परिभाषेतही सापडतो. किंबहुना हिशेबवह्या नष्ट झाल्यावरही परिभाषा पुष्कळ काळ मागे उरते. विमानप्रवासाची तिकिटे विकणाऱ्या एजंटांच्या व्यवहारात ‘ए डी ७५’ असा एक संकेत आहे. त्यातील पहिली दोन अक्षरे ‘एजंटाला दिलेली सूट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असून पुढील आकडा सुटीचे शतमान सांगतो. विमानकंपनीने आपली तिकिटे विकणाऱ्या एजंटाच्या कर्मचाऱ्यास स्वतःच्या प्रवासासाठी भाड्याचा चतुर्थांश तेवढा घेऊन तिकीट द्यावयाचे, असा त्याचा मूळ अर्थ. हा संकेत जगातील बहुतेक देशांतील एजंटांना परिचित आहे. अनेक दशके त्यातील एकही अक्षर अथवा अंक बदललेला नाही. जे बदलले आहे ते त्या संकेताने निर्दिष्ट होणारे वास्तव. शब्द तसाच राहून त्याचा अर्थ आकसत जातो, या घटनेस अर्थविचारात ‘अर्थसंकोच’ म्हणतात. मिशेल ब्रेआल याने १८९७ साली आपल्या अर्थविषयक ग्रंथात तिची जी चर्चा केली, ती प्रायः शब्दकोशातील शब्दांना धरून आहे. प्रस्तुत लेखातील उदाहरण मात्र भाड्याच्या तक्त्यातील आहे, आणि येथे ‘अर्थ’ हा शब्द त्याच्या दोन्ही अर्थांनी घेता येतो.

प्रथम या सवलतींचे स्वरूप पाहिले पाहिजे. विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला संक्षेपाने ‘आयाटा’ म्हणतात, १९४५ च्या एप्रिल महिन्यात हवाना येथे स्थापन झाली. एजंटांना मान्यता देणे, त्यांच्याशी करावयाच्या कराराचा नमुना ठरविणे आणि त्यांना द्यावयाच्या सवलतीच्या भाड्यांचे नियम करणे ही कामे या संघटनेने आपल्याकडे घेतली. एजंटांच्या सवलतीच्या भाड्यांसंबंधीचा तिचा ठराव क्रमांक ८८० हा व्यवसायात सुप्रसिद्ध आहे. अर्जदार हा मान्यताप्राप्त कचेरीतील प्रत्यक्ष विक्रीचे काम करणारा असावा, त्याची नोकरी ठराविक काळ झालेली असावी, आणि तिकीट देणे अथवा न देणे ही गोष्ट विमानकंपनीच्या मर्जीवर राहावी, असा एकंदर रोख. याशिवाय हॉटेले एजंटांना कमी दराने खोली देत, पर्यटक जहाजांच्या कंपन्या रिकाम्या राहिलेल्या केबिनी अल्प दराने देत, आणि या सर्वांच्या जोडीला ‘फॅम ट्रिप’ असे. ज्या स्थळाची विक्री करावयाची त्या स्थळाचा विक्रेत्याला परिचय व्हावा म्हणून काढलेली ही सहल विमानकंपनी, हॉटेल आणि त्या त्या देशाचे पर्यटनखाते मिळून पुष्कळदा विनामूल्य घडवीत असत. ‘फॅम’ हा ‘परिचय करून देणे’ या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. मुंबईतील एजंटांच्या बोलण्यात तो ‘या वर्षी दोन फॅम झाल्या’ असा स्त्रीलिंगी नाम म्हणून सर्रास येतो. ‘सहल’ या मराठी शब्दाचे लिंग त्याने घेतले आहे, हे उघड आहे.

या सवलती म्हणजे केवळ चैन नव्हती. अमेरिकेत काय किंवा भारतात काय, एजंटाच्या कचेरीत गिऱ्हाइकापुढे बसून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन बेताचेच असे. नोकरीच्या जाहिरातीत वेतनाच्या आकड्याजवळच प्रवासाच्या सवलतींचा उल्लेख येई, आणि तो आकडा कमी असण्याचे कारणही त्या उल्लेखातच दडलेले असे. ज्याला स्वतःच्या पगारातून लंडन अथवा होनोलुलु पाहणे शक्य नव्हते, त्याला या नोकरीमुळे ते शक्य होई. पगाराचा एक भाग पैशांत न देता रिकाम्या खुर्चीच्या रूपाने देण्याची ही रीत होती, आणि ती खुर्ची तिसऱ्याच पक्षाची, म्हणजे विमानकंपनीची, असे. मालकाने वेतन कमी द्यावयाचे आणि उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची, अशी ही त्रिपक्षी रचना होय. तिचे वैगुण्य ती चालू असताना कोणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या पक्षाने हात आखडता घेतला तेव्हा ते ध्यानी आले.

या व्यवहारातील मराठी शब्दांकडे थोडे लक्ष दिले तर त्यातील हक्काची बाजू आणि मर्जीची बाजू वेगळ्या करता येतात. ‘सवलत’ हा शब्द अरबी ‘सुहूलत’पासून फारसीच्या द्वारे आला असून त्याचा मूळ अर्थ सुकरता, सोपेपणा. ‘सूट’ हा ‘सुटणे’ या धातूशी संबद्ध असून महसुलाच्या परिभाषेत ‘तहकुबी व सूट’ ही जोडी महाराष्ट्राला दुष्काळाच्या निमित्ताने दीर्घकाळ परिचित आहे. तहकुबीत देणे पुढे ढकलले जाते, सुटीत ते माफ होते. पण दोन्ही देणारा तोच असतो ज्याला घेण्याचा अधिकार आहे. म्हणजे सूट ही नेहमी वरून खाली येते. याउलट मराठेकालीन वतनपत्रांत ‘हक्क-लाजिमा’ आणि ‘मानपान’ हे शब्द येतात. देशमुख, पाटील यांना मिळणारे हे लाभही पगाराव्यतिरिक्तच असत, परंतु ते मागून घ्यावयाचे नसत. ते वतनाला चिकटलेले असत आणि त्यांच्यासाठी तंटे करता येत, महजर होत. इंग्रजीतील ‘पर्क’ हा ‘पर्क्विझिट’ या शब्दाचा संक्षेप. त्याचे मूळ ‘शोधून मिळविलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. शासकीय मराठीत त्यासाठी ‘परिलब्धी’ असा पर्याय घडविला गेला. तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असला तरी बोलण्यात रुळलेला नाही. लोकभाषेतील ‘वरकमाई’ या शब्दाला लाचेचा वास येतो म्हणून तो येथे चालत नाही. एकूण, एजंटाला जे मिळते ते ‘हक्क-लाजिमा’ या वर्गातील की ‘सूट’ या वर्गातील, या प्रश्नाचे उत्तर परिभाषेने कधीच स्पष्ट दिले नाही; आणि एजंटाने त्याला बराच काळ पहिल्या वर्गातील मानले.

या दृष्टीने रेल्वेच्या पासाशी तुलना उद्बोधक ठरेल. भुसावळ, कल्याण, मनमाड, दौंड अशा गावांतून रेल्वेच्या नोकरांची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ‘पास’ आणि ‘पी टी ओ’ हे शब्द सांगावे लागत नाहीत. पास फुकट प्रवासाचा, पी टी ओ कमी भाड्याचा. वर्षाला किती, कोणत्या वर्गाचे, कुटुंबात कोणाची गणना होणार, हे सर्व १९८६ च्या रेल्वे कर्मचारी पासविषयक नियमांत लिहिलेले आहे, आणि निवृत्तीनंतरचीही तरतूद त्यांत आहे. रेल्वेचा नोकर हा रेल्वेचाच नोकर असतो. एजंटाचा कर्मचारी मात्र विमानकंपनीचा नोकर नसतो. तो तिच्या विक्रेत्याचा नोकर असतो. विमानकंपनीच्या स्वतःच्या नोकरांना ‘आय डी’ या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या सवलती असतात आणि त्या त्यांच्या सेवाशर्तींत मोडतात. एका अक्षराच्या फरकाने दर्शविलेले हे दोन संकेत शेजारी शेजारी बसत असले तरी त्यांच्यामागील संबंध मुळातच भिन्न आहेत. (‘ए डी’ला ‘एम’ हे अक्षर जोडले की ‘ए डी एम’, म्हणजे विमानकंपनीने एजंटाकडून वसूल करावयाच्या रकमेचे पत्र, असा अर्थ होतो. एका अक्षराने लाभाचा दंड व्हावा, हा योगायोगच.)

या सवलती दिल्या का जात, याचे उत्तर रिकाम्या खुर्चीत आहे. विमान सुटल्यानंतर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीला काहीच किंमत उरत नाही. ती साठवून ठेवता येत नाही. अमेरिकेत १९७८ पर्यंत नागरी विमानवाहतूक मंडळ भाडी ठरवीत असे. भाड्यात स्पर्धा करता येत नसल्यामुळे कंपन्यांची स्पर्धा सेवेत, वेळापत्रकात आणि एजंटांच्या सद्भावनेत होई. त्या काळी सरासरीने दहांपैकी सुमारे चार खुर्च्या रिकाम्या जात. त्यांतील एक एजंटाच्या कर्मचाऱ्याला दिल्याने कंपनीचे जेवणापलीकडे फारसे काही जात नव्हते, आणि मोबदल्यात तो कर्मचारी पुढील वर्षभर त्या कंपनीचे नाव गिऱ्हाइकापुढे घेत असे. १९७८ च्या कायद्याने भाडी मोकळी झाली, १९८५ च्या प्रारंभी ते मंडळही विसर्जित झाले. तथापि एजंटांचे महत्त्व प्रथम वाढलेच. भाडी इतकी बहुविध झाली की सामान्य प्रवाशाला ती समजेनाशी झाली, आणि १९७६ पासून एजंटांच्या कचेऱ्यांत बसविण्यात आलेली ‘सेबर’, ‘अपोलो’ ही संगणकीय आरक्षणयंत्रे एजंटांच्याच हाती होती. या काळात तिकिटामागे दहा टक्के कमिशन ही अमेरिकेतील रूढ पातळी होती.

ओहोटीची पहिली निश्चित तारीख देता येते. १९९५ च्या फेब्रुवारीत डेल्टा या कंपनीने अमेरिकेतील अंतर्गत प्रवासाच्या कमिशनावर मर्यादा घातली : एकेरी तिकिटाला २५ डॉलर, परतीच्या तिकिटाला ५० डॉलर, त्याहून अधिक नाही. इतर मोठ्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. १९९७ मध्ये दहाचे आठ टक्के झाले, १९९९ मध्ये आठाचे पाच, २००१ मध्ये परतीच्या तिकिटाची मर्यादा २० डॉलरवर आली आणि २००२ च्या मार्चमध्ये डेल्टाने मूळ कमिशन पूर्णपणे बंद केले. पुन्हा इतरांनी तेच केले. सात वर्षांत दहाचे शून्य झाले. याच अवधीत, १९९६ पासून, एक्सपीडिया आणि ट्रॅव्हलॉसिटी यांसारख्या संगणकजालावरील दुकानांनी प्रवाशाला थेट भाडी दाखविण्यास आरंभ केला होता. एजंटाची सद्भावना विकत घेण्याचे प्रयोजनच कमी झाले.

परंतु कमिशन आणि वैयक्तिक सवलत या दोहोंचा ऱ्हास सारख्या रीतीने झाला नाही, आणि भाषेच्या अभ्यासकाला रस वाटावा असा मुद्दा येथेच आहे. कमिशनाचा आकडा सर्वांदेखत खाली आला : दहा, आठ, पाच, शून्य. सवलतीचा आकडा मात्र ‘७५’च राहिला. तो आतून पोकळ झाला.

हे कसे घडले ते उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या मार्गाचे पूर्ण भाडे ४०,००० रुपये आहे. पंचाहत्तर टक्के सूट म्हणजे एजंटाने १०,००० रुपये द्यावयाचे. जोपर्यंत बहुसंख्य प्रवासी पूर्ण भाड्याच्या जवळपासची रक्कम देत होते, तोपर्यंत ही सूट खरोखरीच मोठी होती. भाडी मोकळी झाल्यानंतर एकाच विमानात, एकाच वर्गात, वीस-पंचवीस प्रकारची भाडी निर्माण झाली. पूर्ण भाडे कागदावर राहिले, पण ते देणारा प्रवासी क्वचित् आढळू लागला. त्याच मार्गावर दोन महिने आधी तिकीट काढणाऱ्या कोणाही माणसाला ९,५०० रुपयांचे तिकीट मिळू लागले, तर एजंटाचे ‘पंचाहत्तर टक्के’ हे सर्वसामान्य प्रवाशाच्या भाड्याहून पाचशे रुपयांनी महाग ठरते. शिवाय ‘७५’ हे शतमान केवळ मूळ भाड्याला लागते. विमानतळाची शुल्के आणि कर यांना ते लागत नाही. आणि इंधन-अधिभार म्हणून जी रक्कम २००० नंतरच्या दशकात तिकिटांवर वेगळी दाखविण्यात येऊ लागली, तिलाही ते बहुधा लागत नाही. समजा, वरील उदाहरणात कर आणि अधिभार मिळून १२,००० रुपये आहेत. म्हणजे एजंट एकूण २२,००० देतो, पूर्ण भाड्याचा प्रवासी ५२,००० देतो. प्रत्यक्षात मिळालेली सूट अठ्ठावन्न टक्क्यांच्याही आत आली. आणि स्वस्त तिकीट काढणारा प्रवासी २१,५०० देऊन, जागेची खात्री घेऊन, त्याच्याच शेजारी बसतो. हे आकडे केवळ स्पष्टीकरणार्थ घेतले आहेत; व्यवहारात मार्गागणिक ते बदलतील. परंतु तत्त्व एवढेच की शतमान हे सापेक्ष पद आहे. ते ज्याच्या सापेक्ष आहे ती राशी सरकली की शतमानाला हात न लावताही त्याचा अर्थ बदलतो.

‘जागेची खात्री’ हा शब्दप्रयोग वर मुद्दाम केला आहे. सवलतीच्या तिकिटांवर पुष्कळदा जागा उरल्यासच प्रवास, अशी अट असते. दहांपैकी चार खुर्च्या रिकाम्या असताना या अटीचा अर्थ ‘बहुधा जाल’ असा होता. अमेरिकेतील अंतर्गत विमानांत भरलेल्या खुर्च्यांचे प्रमाण १९९० च्या सुमारास साठीच्या घरात होते. २०१० च्या सुमारास ते ऐंशी टक्क्यांपलीकडे गेले. मागणीनुसार घटकेघटकेला भाडे बदलणारी गणितयंत्रे आल्यानंतर शेवटच्या खुर्चीलाही कोणी ना कोणी गिऱ्हाईक मिळू लागले. मग तीच अट, त्याच शब्दांत, ‘बहुधा जाणार नाही’ असा अर्थ सांगू लागली. सुटीच्या हंगामात कुटुंबासह विमानतळावर जाऊन नावाची वाट पाहत बसणे आणि तिसऱ्या विमानानंतर घरी परतणे, हा अनुभव या व्यवसायातील माणसांना नवा नाही. हॉटेलांच्या आणि पर्यटक जहाजांच्या सवलतींचीही थोड्याफार फरकाने हीच कथा आहे : दर कायम, वगळलेल्या तारखा अधिक.

सवलतींच्या संकोचाला व्यवसायातील माणसांनीही हातभार लावला, हे सांगितले पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा काही संस्था निघाल्या की ज्या काही शे डॉलर घेऊन कोणालाही एजंटाचे ओळखपत्र देत. तिकीट विकण्याशी त्या माणसाचा संबंध नसे; त्याला हवी असे ती हॉटेलातील कमी दराची खोली. अशा संस्थांना व्यवसायात तुच्छतेने ‘कार्डांच्या गिरण्या’ या अर्थाचे नाव पडले. परिणाम उघड होता. हॉटेलाच्या खिडकीवर ओळखपत्र दाखविणाऱ्या दहा माणसांतील खरा एजंट कोणता, हे कळेनासे झाले, आणि हॉटेलांनी सर्वांकडेच संशयाने पाहण्यास सुरुवात केली. उपाय म्हणून ‘आयाटान’ या संस्थेने आपल्या ओळखपत्रासाठी किमान अटी ठेवल्या : वर्षाला किमान ५,००० डॉलरची या व्यवसायातील प्राप्ती आणि आठवड्याला किमान २० तास काम. व्याख्या घट्ट करणे हा अर्थसंकोचाचाच एक प्रकार; पण येथे तो हेतुपुरस्सर, शब्दाचे मोल राखण्यासाठी केलेला आहे. तरीही त्याची झळ लागली ती घरी बसून, स्वतःच्या जबाबदारीवर थोडेसे काम करणाऱ्या एजंटांना, आणि कमिशन बंद झाल्यानंतर अशांचीच संख्या वाढत चालली होती. ज्याची प्राप्ती कमिशन गेल्यामुळे घटली, त्याला प्राप्ती घटल्यामुळे ओळखपत्रही मिळेना.

भारतातील घटनाक्रम काही वर्षे मागून चालला. येथील प्रवास-एजंटांची जुनी संघटना १९५१ साली मुंबईत स्थापन झाली, आणि विमानकंपन्यांच्या कचेऱ्यांप्रमाणेच एजंटांच्या पेढ्यांचेही मुंबई हे दीर्घकाळ प्रमुख केंद्र राहिले. येथे २००८ च्या उत्तरार्धात प्रमुख कंपन्यांनी पाच टक्क्यांवर आलेले मूळ कमिशन शून्यावर आणण्याची घोषणा केली. एजंटांनी निषेध केला, काहींनी बहिष्कार पुकारला, प्रकरणे न्यायालयांत आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे गेली. मूळ कमिशनाची जागा पुष्कळ अंशी ‘पी एल बी’ने, म्हणजे विक्रीचे लक्ष्य गाठल्यास मिळणाऱ्या बोनसाने, घेतली. मोठ्या पेढीला तो मिळतो. नाशिकच्या अथवा सांगलीच्या लहान एजंटाला लक्ष्यच गाठता येत नाही, आणि तो मोठ्या पेढीकडून तिकीट घेऊन विकतो. त्याच्यापर्यंत सवलतीचे तिकीट पूर्वीही क्वचितच पोहोचत असे.

‘कमिशन’ या शब्दाच्या अर्थावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला १४ नोव्हेंबर २०२२ रोजी निर्णय द्यावा लागला. सिंगापूर एअरलाइन्सच्या या प्रकरणात प्रश्न असा होता : एजंटाने विमानकंपनीला ठरलेली निव्वळ रक्कम दिली आणि प्रवाशाकडून त्याहून जास्त घेतली, तर वरचा फरक हा ‘कमिशन’ होय काय? होय, तर आयकर अधिनियमाच्या कलम १९४ एच प्रमाणे त्यावर कंपनीने कर कापून ठेवावयास हवा होता. कंपन्यांचे म्हणणे असे की तो फरक प्रवासी आणि एजंट यांच्यातला आहे, कंपनीने तो दिलेलाच नाही. कतार एअरवेजच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा कल कंपनीच्या बाजूने गेला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये विरुद्ध मत दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने एजंट हा कंपनीच्या वतीने वागतो या संबंधावर बोट ठेवले. कलमातील व्याख्येत ‘प्रत्यक्षपणे अथवा अप्रत्यक्षपणे’ मिळालेली रक्कम येते, म्हणून फरकाची रक्कमही कमिशनच, असा निर्णय झाला. उच्च न्यायालयांत मतभेद असल्यामुळे दंड मात्र माफ झाला. म्हणजे ज्या काळात कमिशन हे वास्तव संकोच पावत होते, त्याच काळात ‘कमिशन’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ विस्तार पावला. ‘कमिशन’चे लॅटिन मूळ ‘सोपविणे’ या अर्थाचे आहे. न्यायालयाने व्युत्पत्तीचा आधार घेतला नाही, पण निष्कर्ष तिच्या जवळच गेला.

त्याच वर्षी ‘फॅम’वरही कायद्याची दृष्टी वळली. २०२२ च्या वित्त अधिनियमाने कलम १९४ आर घातले आणि ते १ जुलै २०२२ पासून अमलात आले. व्यवसायातून वस्तुरूपाने मिळणारा लाभ अथवा परिलब्धी वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक असेल तर देणाराने दहा टक्के कर कापून घ्यावा अशी ही तरतूद. प्रत्यक्ष कर मंडळाने जूनमध्ये काढलेल्या परिपत्रकात फुकट तिकिटे आणि प्रायोजित सहली यांचा उदाहरणादाखल उल्लेख केला. विक्रेत्यांच्या परिषदेचा खर्च लाभ नव्हे, परंतु त्यातील मौजेचा भाग, सोबत आलेल्या कुटुंबीयांचा खर्च आणि परिषदेआधी वा नंतर वाढविलेला मुक्काम हा लाभ होय, असे सांगितले.

हा भेद कागदावर स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात तो करणे अत्यंत कठीण आहे, आणि एजंटाच्या व्यवसायाचे मर्मही त्यातच आहे. औषधविक्रेत्यांच्या परिषदेत समुद्रस्नान ही मौज खरी. परंतु गोव्याचे अथवा मालदीवचे हॉटेल विकणाऱ्याने तेथील समुद्रात उतरणे हे काम की मौज? सकाळी सहा हॉटेलांतील खोल्या पाहावयाच्या, स्नानगृहाची दारे उघडून पाहावयाची, चाकाच्या खुर्चीतील माणसाला लिफ्टपर्यंत जाता येते काय हे तपासावयाचे, दुपारी पर्यटनखात्याचे व्याख्यान ऐकावयाचे आणि संध्याकाळी यजमानाच्या बोटीवर जेवावयाचे, असा ‘फॅम’चा दिवस असतो. यातील कोणता तास ज्ञानाचा आणि कोणता सुखाचा हे घड्याळ लावून सांगता येणार नाही. शाकाहारी कुटुंबाला, गुडघे दुखणाऱ्या आजींना, प्रथमच परदेशी जाणाऱ्या नवविवाहितांना नेमके काय लागेल हे ज्याला सांगता येते, त्याने ते प्रत्यक्ष पाहिलेले असते. छापील पत्रकांवरून सांगणारा आणि पाहून सांगणारा यांतील फरक गिऱ्हाईक दोन प्रश्नांत ओळखतो.

‘दलाल’ या शब्दाचा येथे विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीत या शब्दाचा मोठाच अर्थापकर्ष झाला आहे, इतका की एजंट लोक स्वतःला दलाल म्हणवून घेण्यास कधीच राजी होत नाहीत, आणि ‘अडत्या’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द बाजार समितीच्या बाहेर पडला नाही. परंतु अरबीत ज्या धातूपासून तो आला आहे त्याचा अर्थ ‘दाखविणे, वाट सांगणे’ असा आहे. वाट सांगणाऱ्याने वाट चाललेली असावी, ही अपेक्षा त्या मूळ अर्थातच होती. अमेरिकेत एजंटांच्या प्रमुख संघटनेचा जन्म १९३१ मध्ये आगबोटींच्या आणि पर्यटनाच्या एजंटांचा संघ म्हणून झाला. पुढे नावातून आगबोट गळाली, आणि २०१८ मध्ये ‘एजंट’ हा शब्दही काढून त्या जागी ‘सल्लागार’ या अर्थाचा शब्द घातला गेला. या नामांतरामागे केवळ प्रतिष्ठेची हौस होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. एजंट ज्याच्या वतीने वागतो त्याच्याकडून पैसे घेतो. सल्लागार ज्याला सल्ला देतो त्याच्याकडून. कमिशन बंद झाल्यानंतर पैसे कोठून यावयाचे, हा प्रश्न त्या शब्दबदलात आहे. अमेरिकेत पुष्कळ एजंटांनी गिऱ्हाइकाकडून उघड शुल्क घेण्यास प्रारंभ केला. भारतात ते अजून अवघड जाते. तिकिटाची रक्कम भ्रमणध्वनीवर पाहून आलेले गिऱ्हाईक त्यावरचे दोनशे रुपये कशाचे, असे विचारते, आणि ‘सल्ल्याचे’ हे उत्तर मराठीत वकिलाच्या अथवा डॉक्टरच्या तोंडी शोभते तसे तिकीट देणाऱ्याच्या तोंडी अद्याप शोभत नाही.

यात सर्वांत अडचणीत आला तो मालकही नव्हे आणि स्वतंत्र सल्लागारही नव्हे, तर पेढीतील पगारी नोकर. शुल्क आले तर ते मालकाच्या खात्यात जाते; बोनस आला तर तोही. सवलतीचे तिकीट तेवढे नोकराच्या नावावर निघत असे. ते आकसल्यावर त्याचे वेतन त्या प्रमाणात वाढले असते तर तक्रारीला जागा नव्हती. परंतु सवलत ही वेतनाचा भाग आहे असे कोणत्याच नेमणूकपत्रात लिहिलेले नव्हते. आणि जे लिहिलेले नाही ते कमी झाल्याचे दाखविता येत नाही. आता तर पुष्कळशा ‘फॅम’ सहलींसाठी सहभागी होणाऱ्याकडूनच काही रक्कम घेतली जाते, आणि जाण्याचे दिवस अनेक ठिकाणी त्याच्या रजेत मोजले जातात.